मातीचा श्वास मोजायला जाताय? आधी मुळं तोडू नका

उत्तर ध्रुवाकडच्या थंड जंगलात मातीतल्या सेंद्रिय कर्बावर, म्हणजे कार्बनवर, काम करायला निघालेली मुलंमुली हमखास विचारतात, "आधी काय वाचू?" माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. वाचन होईलच. आधी गुडघे टेकून खाली बसा आणि शेवाळ हातानं बाजूला करून बघा.

मास्टर्सच्या प्रबंधासाठी मी उत्तर स्वीडनमध्ये आबिस्कोच्या बाजूच्या बर्चच्या रानात गेले, तेव्हा डोक्यातलं गणित अगदी सोपं होतं. तापमान वाढलं की कुजण्याचा वेग वाढतो आणि कर्ब हवेत जातो. अळ्यांनी पानं फस्त केली की झाडाकडून मातीला मिळणारा कर्ब घटतो. म्हणजे दुहेरी तोटा. पहिल्याच उन्हाळ्यात हे गणित कोलमडलं आणि त्यात निम्मा हात माझाच होता.

त्या रानात ऑटमनल मॉथ नावाच्या पतंगाची धाड साधारण दर दहा वर्षांनी येते. मादी शरद ऋतूत फांद्यांवर अंडी घालते. ती हिवाळाभर तिथेच राहतात आणि बर्चला पालवी फुटताना अळ्या बाहेर पडतात. पारा उणे ३५ अंशांच्या आसपास उतरला की बरीच अंडी मरतात, त्यामुळे हिवाळे सौम्य होऊ लागले की अळ्यांचं फावतं. धाडीच्या काळात रानात उभं राहिलं तर पाऊस नसतानाही रेनकोटवर टपटप ऐकू येते. त्या अळ्यांच्या लेंड्या असतात. मला पहिल्या दिवशी किळस आली होती. नंतर कळलं की ते नत्रयुक्त खतच आहे, आणि अर्धी गोष्ट तिथूनच सुरू होते.

आता माझा घोळ. मातीचा श्वास, म्हणजे जमिनीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड, मोजायला पीव्हीसीची रिंग जमिनीत बसवतात. तिच्यावर झाकणासारखा चेंबर ठेवायचा आणि आतला वायू कसा वाढत जातो ते इन्फ्रारेड अॅनालायझर या वायू मोजणाऱ्या यंत्रावर बघायचं. रिंग हलू नये म्हणून मी ती हातोडीनं चांगली दहा सेंटीमीटर ठोकली. सगळ्या ठोकल्या. महिनाभर आकडे कमी आले, आणि अळ्यांनी खाल्लेल्या आणि हिरव्यागार प्लॉटमध्ये काही फरकच दिसेना. "अळ्यांचा परिणाम नाही" असं वहीत लिहूनही टाकलं होतं. मग तिथल्या एका जुन्या तंत्रज्ञानं एक रिंग उपटून माझ्यासमोर धरली. कडेनं बारीक मुळांची तुटलेली टोकं लोंबत होती.

त्या मातीत वर काही सेंटीमीटर काळपट, स्पंजासारखा थर असतो आणि खाली राखेच्या रंगाची वाळू. बारीक मुळं आणि त्यांना बिलगलेली बुरशी बहुतेक वरच्या थरातच असते. मी ती कापून टाकली होती आणि मग श्वास मोजत बसले होते.

मातीतून येणारा श्वास एकाचा नसतो. काही मुळांचा आणि त्यांच्या बुरशीचा, काही पालापाचोळा कुजवणाऱ्या जीवाणूंचा. उत्तर स्वीडनमध्येच पाइनच्या झाडांची साल खोडाभोवती गोल सोलून मुळांकडे जाणारा साखरेचा पुरवठा तोडण्याचा प्रयोग झाला होता. २००१ मध्ये त्याचे निकाल आले: एक-दोन महिन्यांत मातीचं श्वसन सुमारे ५४ टक्क्यांनी घटलं होतं. अळ्याही पानं खाऊन झाडाची साखर तोडतात. म्हणून आकडा खाली आला की "माती कर्ब साठवते आहे" असं म्हणू नका. कदाचित फक्त मुळं उपाशी आहेत.

पुढचं कोडं अजून अवघड आहे. मुळांशी जोडलेल्या काही बुरशी नत्रासाठी जुना ह्यूमस, म्हणजे पाचोळा कुजून उरलेला काळा भाग, फोडतात, म्हणजे त्या उपाशी पडल्या तर जुना कर्ब उलट टिकू शकतो. दुसरीकडे लेंड्यांतलं नत्र जीवाणूंना आणि गवताला मिळतं. क्रोबेरीची झुडपं मागे हटतात, गवत पुढे येतं, त्याचा पाचोळा लवकर कुजतो. कोण जिंकणार हे झाडांना पुन्हा पानं येतात की झाडं मरतात यावर बरंच ठरतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात साल पोखरणाऱ्या माउंटन पाइन बीटलनं जवळपास १.८ कोटी हेक्टरवरचं जंगल ग्रासलं. तिथे झाडं खरंच मेली. बर्चचा हिशेब तिकडे लावू नका.

तापमानवाढीच्या प्रयोगांबाबत एकच सांगते: घाई करू नका. मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९९१ पासून जमिनीत तारा पुरून माती ५ अंशांनी गरम ठेवली आहे. सुरुवातीची दहा वर्षं कर्ब भराभर गेला, मग काही वर्षं फरकच दिसेना, मग गळती पुन्हा वाढली. २६ वर्षांत वरच्या ६० सेंटीमीटरमधला १७ टक्के कर्ब गेला. कुणी मधल्याच वर्षांत प्रबंध केला असता तर काय निष्कर्ष काढला असता?

कामाचं म्हणाल तर रानातले दिवस थोडे आणि चाळणीचे महिने फार, ही मनाची तयारी ठेवा. दोन मिलिमीटरच्या चाळणीतून माती गाळताना मुळं चिमट्यानं वेचावी लागतात. ते काम कंटाळवाणं आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. नुसती कर्बाची टक्केवारी घेऊन परत येऊ नका. मातीची घनता आणि दगडांचं प्रमाण नसेल तर हेक्टरी साठा काढताच येत नाही. मुळं वगळायला चर खणलात तर पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर विसंबू नका, तुटलेली मुळं कुजताना स्वतःच वायू सोडतात. आर ही आकडेवारीसाठीची संगणकभाषा शिकून जा, तिथे पोचल्यावर वेळ मिळत नाही. आणि डासांची जाळी. हे मी तीनदा सांगते, तरी लोक विसरतात.

रिंग आता मी जेमतेम एक-दोन सेंटीमीटर बसवते आणि बाहेरून खुंट्यांनी धरून ठेवते. नंबर मात्र मार्करनं लिहू नका, प्लास्टिकवर खिळ्यानं खरवडा. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, शाई महिनाभरात उडते. माझ्या चौदा रिंगांचे नंबर असेच गेले होते.