बंद पडलेल्या बंदुकीच्या दुकानाची आठवण कशी नोंदवावी

जुने किराणा दुकान बंद झाले, तरी मागे तराजू, डबे, लाकडी गल्ला असे काही ना काही उरते. बंदुकीच्या दुकानाचे तसे होत नाही. विक्रेत्याचा परवाना संपला, की शिल्लक बंदुका आणि काडतुसे जवळ बाळगण्याचा अधिकारही संपतो. १९५९च्या शस्त्र कायद्यातील २१व्या कलमानुसार तो माल पोलीस ठाण्यात किंवा दुसऱ्या परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा लागतो. त्यामुळे ज्या गाळ्यात दोन-तीन पिढ्या बंदुका विकल्या गेल्या, तेथे आज मोबाइलची दुरुस्ती चालते आणि पाटीच्या खिळ्यांच्या भोकांपलीकडे ओळखीची एकही खूण सापडत नाही. अशा दुकानाविषयी लिहू इच्छिणाऱ्याने म्हणूनच गाळ्यापासून सुरुवात करू नये. या दुकानांचा इतिहास त्यांच्या गिऱ्हाइकांच्या घरी, कपाटातल्या कागदपत्रांच्या पिशवीत पडून असतो आणि शोधाची दिशा तीच ठेवावी.

प्रथम गिऱ्हाइके कोण होती हे निश्चित करावे, कारण ते प्रदेशागणिक बदलते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, तसेच गोव्यात, रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून बागायत राखण्यासाठी शेतीसंरक्षणाचे परवाने दिले जात आणि आजही दिले जातात; तेथे दुकानाचा मुख्य आधार ठासणीची किंवा एकनळी बंदूक बाळगणारा शेतकरी होता. कोल्हापूर, सांगली, मिरज, सावंतवाडी अशा जुन्या संस्थानांच्या गावी सरदार, इनामदार आणि शिकारीचा शौक असलेले वकील-डॉक्टर यांची ये-जा असे. पुण्या-मुंबईत त्यांच्या जोडीला निवृत्त लष्करी अधिकारी, नेमबाजीचे खेळाडू आणि अलीकडच्या काळात बँकांचे सुरक्षारक्षक आले. आपल्या गावच्या दुकानात यांपैकी कोणाची वर्दळ अधिक होती हे कळले, की कोणाच्या घरी जावे हेही कळते.

घरी गेल्यावर बंदूक पाहायला मागण्याआधी परवान्याचे जुने पुस्तक पाहायला मागावे. माझ्या मते या सगळ्या शोधात याच्या तोडीचे दुसरे साधन नाही. परवान्यावर एका वेळी किती काडतुसे बाळगता येतील आणि वर्षाकाठी किती विकत घेता येतील, याची मर्यादा लिहिलेली असते. ती ओलांडली जाऊ नये म्हणून विक्रेता प्रत्येक खरेदीची नोंद त्याच पुस्तकात करतो: तारीख, काडतुसांचा प्रकार, नग, दुकानाचा शिक्का आणि सही. एखाद्या शेतकऱ्याच्या आजोबांचे पुस्तक हाती आले, तर दुकानाचे नाव मधल्या काळात बदलले का, शिक्का इंग्रजीतून मराठीत केव्हा आला, सही वडिलांच्या हातची जाऊन मुलाच्या हातची केव्हा झाली, हे सारे पानागणिक दिसू लागते. भाताची कापणी जवळ आली की नोंदी दाट होतात आणि पावसाळ्यात विरळ होतात, हेही नजरेस येऊ शकते. दुकान कोणत्या वर्षी बंद झाले याबाबत गावात चार जणांची चार मते असतात. त्या शिक्क्याची शेवटची तारीख त्या वादाचा बराचसा निकाल लावते. मात्र पुस्तकाची छायाचित्रे घेताना परवाना क्रमांक, पत्ता आणि बंदुकीचा क्रमांक झाकावा. कोणत्या घरात कोणते शस्त्र आहे हे जाहीर करणे घरच्यांच्या सुरक्षिततेशी खेळण्यासारखे आहे, मग लेखकाचा हेतू कितीही चांगला असो.

दुसरे साधन बंदूकच आहे, पण ती आपण हातात घेऊ नये. परवानाधारकानेच ती उघडून, नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून टेबलावर ठेवावी आणि आपण फक्त पाहावे. दोननळी बंदुकीच्या दोन नळ्यांना जोडणारी जी पट्टी वरून नेम धरताना डोळ्यांसमोर येते, तिच्यावर पुष्कळदा एक नाव कोरलेले असते. नवशिक्याला वाटते की ते बनवणाऱ्याचे नाव आहे. अनेकदा ते विकणाऱ्याचे असते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे कारखाने व्यापारासाठी बंदुका तयार करीत आणि मागणी नोंदवणाऱ्या दुकानाचे नाव व गाव पट्टीवर कोरून पाठवीत. म्हणजे ज्या दुकानाची पाटी कधीच भंगारात गेली, त्याचे नाव पोलादावर सुबक अक्षरांत शाबूत असण्याचा संभव असतो. नळ्या सुट्या केल्यावर त्यांच्या खालच्या सपाट भागावर चाचणीगृहाचे ठसे दिसतात. मुकुटाखाली ‘बीपी’ व ‘बीव्ही’ अशी इंग्रजी अक्षरे असतील, तर बंदूक बर्मिंगहॅमला तपासली गेली आहे. लंबगोलात ‘ईएलजी’ असेल, तर ती बेल्जियममधील लिएज शहरातून आली आहे. बेल्जियमच्या बंदुका पुष्कळदा स्वस्त असत, त्यामुळे हे ठसे दुकानाचे गिऱ्हाईक कोणत्या ऐपतीचे होते याचाही अंदाज देतात. हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांसारख्या काही इंग्रज कारखान्यांनी आपल्या जुन्या नोंदवह्या जपल्या आहेत. बंदूक त्यांची असेल आणि मालकाची संमती असेल, तर क्रमांक कळवून ती मुळात कोणाला पाठवली गेली हे विचारता येते.

येथे एक सावधगिरी स्पष्ट सांगितली पाहिजे. जुन्या कपाटात किंवा दुकानाच्या माळ्यावर जिवंत काडतूस सापडले, तर ते आठवण म्हणून खिशात घालू नये. परवान्याविना एक काडतूस बाळगणे हादेखील गुन्हा आहे आणि कागदी आवरणाचे, दमट हवेत वर्षानुवर्षे पडलेले काडतूस भरवशाचेही नसते. ते हलवू नये, पोलीस ठाण्याला कळवावे आणि नोंदीसाठी लांबून छायाचित्र घेण्यावर समाधान मानावे. रिकाम्या काडतुसांच्या बाबतीतही आधी विचारून घेतलेले बरे. जी शस्त्रे पुरातन आहेत आणि दुरुस्त करूनही चालू शकत नाहीत, त्यांना कायद्याच्या ४५व्या कलमात सूट आहे. पण एखादे शस्त्र त्या व्याख्येत बसते की नाही, हे ठरवण्याचे काम आपले नव्हे.

आता मुलाखतींकडे वळू. दुकानदाराचे वारस, तेथे काम केलेला कारागीर आणि जुनी गिऱ्हाइके अशा तिघांना भेटावे, आणि त्यांतही कारागीर मिळाला तर त्याला आधी गाठावे. मालकाचा मुलगा दुकानाची प्रतिष्ठा सांगतो; कारागीर दुकान कसे चालत होते ते सांगतो. दस्ता कोणत्या लाकडाचा बसवत, सैल झालेला सांधा कसा घट्ट करीत, नळीत पडलेला पोचा कसा काढीत, निळसर झिलई पुन्हा कशी चढवीत, हे त्याच्या हातांना अजून आठवत असते. ‘काका, दुकानाविषयी काही सांगा ना,’ असा मोघम प्रश्न विचारला, तर ‘फार छान दिवस होते’ एवढेच उत्तर येते. त्यापेक्षा ‘आत शिरल्यावर उजव्या हाताला काय होते?’, ‘नळी साफ करायचा गज आणि तेलाची बाटली कुठे ठेवत?’, ‘काडतुसे सुटी मिळत की पेटीनेच घ्यावी लागत?’, ‘पावसाळ्यात माल कसा राखत?’ असे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला कोकणात हटकून मोठे उत्तर मिळते, कारण प्लॅस्टिकची आवरणे येण्यापूर्वी काडतुसे कागदाची असत, दमट हवेने ती फुगत आणि फुगलेले काडतूस नळीत बसत नसे. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांची आणि उन्हात उघडून ठेवलेल्या पेट्यांची वर्णने अशा प्रश्नांतूनच मिळतात.

सांगणाऱ्याच्या शब्दांत बदल करू नये. ‘एलजी’, ‘एसजी’, ‘चार नंबर’, ‘सहा नंबर’ हे छऱ्यांच्या आकाराचे शब्द जुन्या शिकाऱ्यांच्या तोंडी सहज येतात: एलजी आणि एसजीचे मोठे छर्रे डुकरासाठी, सहा नंबरचे बारीक छर्रे तित्तरासाठी. खुणेसाठी कंसात अर्थ द्यायला हरकत नाही, पण ‘बार काढला’ या बोलण्याचे ‘गोळीबार केला’ असे शुद्धीकरण केले, की माणूस नाहीसा होतो आणि पंचनामा उरतो.

आठवणींतील काळ पडताळण्यासाठी मालाचा उपयोग करावा. सांगणारा एली किंवा किनॉख या विलायती काडतुसांविषयी बोलत असेल, तर तो बहुधा आयात सुरळीत असतानाचा काळ आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसे, कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर, इशापूरची .३१५ रायफल ही नावे पुढे येऊ लागली, की आपण देशी मालाच्या काळात आलो असे समजावे. खडकीचा कारखाना १८६९चा आहे, म्हणून केवळ त्याच्या नावावरून काळ ठरवता येत नाही. काडतुसाचे आवरण कागदाचे होते की प्लॅस्टिकचे, हेही विचारावे. मुंगेर आणि जम्मू येथील परवानाधारक कारखान्यांच्या बंदुका दुकानात असत का, त्यांना गिऱ्हाईक कोणत्या नजरेने पाहत असे, या प्रश्नावर जुने दुकानदार मनापासून बोलतात. विलायती मालाविषयीचा त्यांचा अभिमान आणि देशी मालावरची त्यांची कुरकुर दोन्ही जशीच्या तशी टिपावी.

दुकान का बंद पडले याचे एकच कारण सांगणाऱ्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला आणि शिकारीच्या हंगामावर चालणारी विक्री आटली, हे खरे आहे. मात्र त्याआधीही १९५१च्या मुंबई राज्याच्या कायद्याने शिकारीवर परवान्यांची व बंद हंगामांची बंधने आणलीच होती. १९८०च्या दशकात आयात थांबली आणि नव्या विलायती बंदुका येईनाशा झाल्या. परवाने मिळणे अवघड होत गेले, २०१६च्या शस्त्र नियमांनी विक्रेत्यांच्या कागदपत्रांचे काम वाढवले आणि शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. या सर्वांबरोबर मुलगा अभियंता होऊन परगावी गेला, भाऊबंदकीत गाळा विकला गेला, अशी घरगुती कारणेही असतात, आणि माझ्या पाहण्यात शेवटचा धक्का बहुधा त्यांचाच असतो. जंगले ओस पडत असताना या धंद्याचा काही वाटा त्यात होता, हेही लिहावे. गोड आठवणींच्या भरात ते गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शिकारीच्या गोष्टी १९७२नंतरच्या असतील, तर सांगणाऱ्याला नावे व ठिकाणे विचारून अडचणीत आणू नये.

कागदपत्रांचा शोध समांतर चालू ठेवावा. जिल्ह्यात विक्रेत्यांच्या परवान्यांची कामे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत चालतात, तर पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत ती आयुक्तांकडे असतात. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करताना ‘सर्व माहिती द्यावी’ असे न लिहिता दुकानाचे नाव, अंदाजे वर्षे आणि फक्त परवाना दिल्याची व रद्द झाल्याची तारीख मागावी. नेमक्या अर्जाला उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते. गाळ्याची मालकी मिळकत पत्रिकेवरून कळते. जुन्या जाहिरातींसाठी ‘केसरी’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सकाळ’ यांचे अंक ग्रंथालयांत पाहावेत आणि विशेषतः दिवाळीच्या सुमारास छापलेली पाने चाळावीत. संस्थानी गावांसाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार आणि मुंबईचे राज्य पुराभिलेखागार येथे शिकारखात्याच्या खर्चाचे कागद मिळू शकतात. ‘महाराजांची बंदूक आमच्याकडूनच जात असे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जुन्या दुकानदाराच्या घरी ऐकू येते. त्याची शहानिशा तेथेच होऊ शकते, आणि झाली नाही तर ‘घरच्यांचे सांगणे’ एवढीच नोंद करावी.

छायाचित्रे हवी असतील, तर घरच्यांना ‘दुकानाचा फोटो आहे का?’ असे विचारण्याऐवजी ‘दसऱ्याचा फोटो आहे का?’ असे विचारावे. रोजच्या व्यवहारात दुकानाचे छायाचित्र काढण्याचे कारण कोणालाच नसे. पण खंडेनवमीला बंदुका पुसून, ओळीने मांडून, झेंडूच्या माळा घालून पूजा होई आणि त्या दिवशी मुले, नोकर, शेजारी एका चौकटीत येत. निवडणुका जाहीर झाल्यावर परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात, आणि काही ठिकाणी ती पोलीस ठाण्याऐवजी विक्रेत्यांकडेही ठेवली जात. त्या काळच्या जमा-पावत्या घरोघरी सापडतात आणि दुकानाच्या छापील नाव-पत्त्याचा उत्तम पुरावा ठरतात.

लिखाण पूर्ण झाल्यावर ते आधी दुकानदाराच्या घरच्यांना वाचून दाखवावे. त्यांचे मत पटले नाही तर त्यांचा आक्षेप तळटीपेत द्यावा, पण त्यांच्या नकळत छापू नये. मुलाखतींच्या ध्वनिफिती, पावत्यांच्या प्रती आणि छायाचित्रे यांचा एक संच गावच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात ठेवावा, आणि प्रत्येक प्रतीच्या मागे ती कोणाकडून, कोणत्या दिवशी मिळाली हे पेन्सिलीने लिहावे, कारण शाईचा डाग पलीकडच्या बाजूस उमटतो.