सुनावणीची नोटीस लागली की: उठणाऱ्या गावाची तयारी

नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली की तिचा फोटो काढा आणि तारीख व कायद्याचं नाव वहीत उतरवून घ्या. धरणामुळे किंवा खाणीमुळे उठणाऱ्या गावाला एकाच प्रकल्पासाठी दोन-तीन सुनावण्यांना जावं लागतं, आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचे प्रश्न वेगळे असतात. पर्यावरणाची जाहीर लोकसुनावणी २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेखाली होते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात आणि नोटीस किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली सामाजिक परिणाम मूल्यांकनाची सुनावणी वेगळी आणि पुनर्वसन योजनेच्या मसुद्यावरची आणखी वेगळी. सिंचन प्रकल्पाचं पर्यावरणीय मूल्यांकन होत असेल तर सामाजिक मूल्यांकन लागू होत नाही, आणि महाराष्ट्राने २०१८ मध्ये केलेल्या दुरुस्तीने इतर काही प्रकल्पांनाही त्यातून सूट देण्याची वाट मोकळी केली. म्हणून भूसंपादन अधिकाऱ्यांना पहिलं पत्र एकाच प्रश्नाचं द्या: आमच्या गावाचं काम कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली चाललं आहे? पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. उत्तर आलं नाही तरी ती पोच पुढे कामाला येते.

एवढी खबरदारी कशासाठी, हे कोयनेच्या माणसांना विचारावं. जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतली गावं पाण्याखाली गेली तेव्हा उठणाऱ्यांचं म्हणणं ऐकून घेण्याची पद्धतच नव्हती. कुणी सांगली-सोलापूरला गेलं, कुणी रायगड-ठाण्याला, आणि साठ वर्षांनंतरही त्यांची मुलं-नातवंडं जमिनीसाठी ठिय्या देऊन बसतात. पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ साली झाला, तो धरणग्रस्तांच्या चळवळीच्या रेट्यातून. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही त्या लोकांची घोषणा आता कायद्यातही उतरली आहे: सिंचन किंवा जलविद्युत प्रकल्पात जमीन बुडण्याआधी सहा महिने पुनर्वसन पूर्ण झालं पाहिजे, असं २०१३ चा कायदा सांगतो. हे वाक्य गावातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असू द्या.

अहवाल मिळवायला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या आठवड्यातच धावपळ करा. पर्यावरण अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात पाहायला ठेवलेला असतो, त्याचा सारांश मराठीत असतो. सारांशावर थांबू नका. मूळ अहवालातली गावनिहाय कोष्टकं काढून घ्या आणि देवळात किंवा शाळेत बसून मोठ्याने वाचा. गावाबद्दल लिहिलेलं गावाने ऐकलं की चुका आपोआप बाहेर पडतात. ओढा बारमाही लिहिलेला असतो, तो फेब्रुवारीत आटतो. एखादी वाडी नकाशावर नसतेच. कातकरी वस्तीची घरं ‘तात्पुरती’ म्हणून सोडून दिलेली असतात. प्रत्येक चूक पान क्रमांकासह टिपा.

यानंतर गावाची स्वतःची पाहणी. सगळ्या तयारीत सर्वाधिक वेळ हिला द्या, कारण सरकारी मोजणीत जे नाव आलं नाही त्याला पुढे प्रकल्पग्रस्ताचा दाखला नाही, भूखंड नाही, काहीच नाही. घरोघर जाणाऱ्या जोडीत एक बाई असलीच पाहिजे. सातबारा आणि आठ अ बघा, पण तिथे थांबू नका. एकत्र खातं बहुतेक वेळा थोरल्या भावाच्या नावावर राहिलेलं असतं, चार भाऊ वीस वर्षं वेगळे कसत असले तरी. विधवा सुनेचं आणि बहिणींचं नाव असलंच तर ‘इतर हक्क’ या रकान्यात. कसतो कोण, राहतो कोण, खातो कोण, हे तीन प्रश्न प्रत्येक घरी वेगवेगळे विचारा.

कुटुंब कशाला म्हणायचं याची व्याख्या नीट समजून घ्या, तिच्यावर सगळा हिशेब उभा आहे. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ मध्ये सज्ञान मुलग्याला वेगळं कुटुंब मानलं आणि मुलींचा विचारच केला नाही. त्या टेबलापाशी उठणाऱ्या गावांतली एक जरी बाई बसली असती तर हा प्रश्न निघालाच असता, असं मला मनापासून वाटतं. २०१३ च्या कायद्यात सज्ञान व्यक्ती, मग ती बाई असो की पुरुष, वेगळं कुटुंब आहे. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता यांनाही वेगळं कुटुंब धरायचं आहे. मोजणीला आलेला कर्मचारी मात्र घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारून निघून जातो आणि माहेरी येऊन राहिलेली बहीण त्या कागदावर येतच नाही. तुमच्या यादीत तिचं नाव, वय आणि ती किती वर्षं त्या घरात आहे हे लिहा, रेशनकार्ड किंवा मतदार यादीतला पुरावा जोडा.

भूमिहीनांचं पान वेगळं करा. जमीन नसली तरी संपादनाआधी तीन वर्षं ज्यांचं पोट मुख्यतः त्या जमिनीवर होतं ते शेतमजूर, कूळ, वाटेकरी, कारागीर बाधित कुटुंबात येतात. जंगलातून गोळा करून किंवा मासे धरून जगणारेही येतात. पुरावा काय, हा प्रश्न येणारच. ज्याच्या शेतात काम केलं त्याचं लेखी निवेदन, रोजगार हमीचं जॉबकार्ड, मासे विकत घेणाऱ्याची वही, जे सापडेल ते ठेवा. नंदुरबारच्या अक्राणी आणि अक्कलकुव्यात सरदार सरोवर धरणामुळे उठलेली नर्मदेकाठची कित्येक आदिवासी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत होती ती कागदावर वनखात्याची होती, आणि ‘अतिक्रमण’ या एका शब्दामुळे त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. वनहक्काचे दावे पडून असतील तर सुनावणीआधी त्यांचा पाठपुरावा करा.

सामाईक गोष्टी माणसं सांगायला विसरतात, कारण त्या कुणा एकाच्या नसतात. गायरान, पाणंद, पाणवठा, देवराई, दफनभूमी, सरपणाचं रान, पावसाळ्यात भाजी मिळते तो माळ. एका गावात पाहणी करताना म्हाताऱ्या आजींनी वहीतली झाडांची यादी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, ‘आंबे लिवलं, मोहाची कुठं हायती?’ मग त्यांनीच पुढे होऊन बांधाबांधावरून फिरवलं. कुठल्या मोहाची फुलं कुणी वेचायची हे ठरलेलं होतं, आणि सातबारावर त्यातलं काहीच नव्हतं. ती यादी वहीत तीन पानं भरून गेली.

सुनावणीची तारीख गावाच्या वर्षाशी जुळवून पाहा. मराठवाड्यातल्या किंवा नंदुरबारातल्या ज्या वस्तीतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयते निघतात तिथे जानेवारीत सुनावणी ठेवली तर घरी म्हातारी माणसं आणि लहान पोरंच असतात. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून माणसं परतल्यावर सुनावणी घ्या, अशी मागणी लेखी करा. कोकणातल्या गावांत निम्मी घरं मुंबईला असतात, तिथे गणपतीत आणि शिमग्यात जबाब लिहून घेऊन ठेवता येतात. तारीख बदलली नाही तर फडावरच्या माणसांचे सही-अंगठ्याचे अर्ज आणून सुनावणीत सादर करा, आणि ते गैरहजर का आहेत हे नोंदवायला लावा.

सुनावणीआधी गावाची आपली बैठक झालीच पाहिजे, आणि बायकांची त्याआधी वेगळी. हे जगात इतरत्रही माणसं शिकली आहेत. युगांडात दक्षिण सुदान आणि कांगोतून आलेले लाखो निर्वासित वसाहतींत राहतात. तिथे २०१८ पासून निर्वासितांच्या निवडलेल्या प्रतिनिधींचं एक व्यासपीठ आहे. सरकार आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्था जिथे बसतात त्या सुकाणू समितीत त्यातले काही जण बसतात, आणि समितीच्या बैठकीआधी सगळे प्रतिनिधी जमून मुद्दे ठरवतात. परक्या देशात आलेल्या, मतदानाचा हक्क नसलेल्या माणसांना धोरणाच्या टेबलापाशी जागा देता येते, तर आपल्याच तालुक्यातल्या मतदारांना ती का देता येऊ नये?

बायकांच्या बैठकीत घाई करू नका. पुरुष जमिनीचा दर काढतात, बायका पाणी किती लांब आहे ते काढतात, आणि नव्या गावठाणात पहिल्या उन्हाळ्यात पाण्याच्याच प्रश्नाने माणसं हैराण होतात. कोण बोलणार हे ठरवताना पुढाऱ्याला एक मुद्दा द्या, सगळे देऊ नका. भूमिहीनांचं भूमिहीनाने मांडावं, चराईचं धनगराने. ज्याला मराठीत अडखळायला होतं त्याने पावरीत, भिलोरीत किंवा कातकरीत बोलावं आणि गावातल्या शिकलेल्या मुलीने शेजारी उभं राहून मराठीत सांगावं. दुभाषा आमचा असेल, हे अध्यक्षांना आदल्या दिवशी लेखी कळवा.

नवी जागा पाहिल्याशिवाय पुनर्वसनाबद्दल हो म्हणू नका. पाहायला जाताना सरपंचांबरोबर दोन जाणत्या बायका, एक शेतकरी आणि एक गुराखी न्या. माती उकरून बघा, विहिरीचं पाणी चाखा, पावसाळ्यात रस्ता राहतो का ते जवळच्या दुकानदाराला विचारा. आणि त्या गावाला भेटा जिथे तुम्ही जाणार आहात. याकडे सरकारचं लक्ष सर्वात कमी असतं. लाभक्षेत्रातल्या, म्हणजे धरणाचं पाणी मिळणाऱ्या भागातल्या शेतकऱ्याची जमीन घेऊन ती धरणग्रस्ताला दिली जाते, तेव्हा त्याच्याही मनात सल असतो. तळोद्यात नर्मदेच्या विस्थापितांसाठी वनजमीन मोकळी केली, ती तिथले आदिवासी आधीपासून कसत होते, आणि दोन गरीब समूह एकमेकांसमोर उभे राहिले. दोष त्यांच्यातल्या कुणाचाच नव्हता. स्मशान कुठलं वापरायचं, जत्रेत मान कुणाचा, पाण्याची पाळी कशी, नवं गावठाण कुठल्या ग्रामपंचायतीला जोडायचं, मतदार यादीत नावं कधी जाणार, शाळेत पोरांना वेगळं बसवणार नाहीत ना, हे त्या गावच्या मंडळींशी आधी बोलून ठेवा. जमलं तर दोन्ही गावांचं मिळून एक निवेदन द्या. दोन्ही गावांच्या सह्यांचा कागद बाजूला सारणं कुठल्याही कार्यालयाला जड जातं.

निवेदन लिहिताना ‘योग्य मोबदला’, ‘सर्व सुविधा’ असे शब्द टाळा. कार्यालयात राज्याच्या १८ नागरी सुविधांची यादी पाठ असते, २०१३ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २५ आहेत. त्या कुठल्या क्रमाने आणि कुठल्या महिन्यापर्यंत, हे मागा. आधी पाणी, मग रस्ता, मग शाळा आणि वीज, आणि त्यानंतर घरं हलवायची. गावातली २५ टक्क्यांहून जास्त जमीन जात असेल तर पुनर्वसन योजनेवरची सुनावणी तुमच्या ग्रामसभेतच घ्यावी लागते. लांबच्या मंगल कार्यालयात बोलावलं तर या तरतुदीवर बोट ठेवा. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेच्या संमतीचा प्रश्न वेगळा आणि अधिक भक्कम आहे. तो ठराव तयार ठेवा, कोरम आणि सह्या तपासून.

त्या दिवशी पिशवीत निवेदनाच्या तीन प्रती, पाहणीच्या वहीची झेरॉक्स, शाईचा पॅड आणि पाण्याच्या बाटल्या. पोलिसांचा बंदोबस्त असतो, त्याने म्हाताऱ्यांना दबायला होतं, तेव्हा त्यांना पुढच्या रांगेत मधोमध बसवा. प्रत्येक बोलणाऱ्याने आधी नाव आणि वाडी सांगावी, मग मुद्दा. आपल्यातल्या दोघांनी फक्त लिहायचं काम करावं.

आणि शेवटी कुणीही उठून जायचं नाही. पर्यावरण सुनावणीत मांडलेले मुद्दे अखेरीस लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचे असतात आणि इतिवृत्तावर त्याच दिवशी सही व्हायची असते. वाहन सुटेल म्हणून गाव निघून जातं आणि वाचन रिकाम्या खुर्च्यांसमोर होतं, किंवा होतच नाही. मुक्कामाची सोय करावी लागली तरी करा. वाचताना तुमचा मुद्दा गाळला असेल तर तिथेच उभं राहून म्हणा, चित्रीकरण चालू असतं. बोललेलं लिहिलं गेलं नाही तर वर निर्णय घेणाऱ्यापर्यंत ते पोचतच नाही.

आठवडाभरात इतिवृत्ताची प्रत मागा, मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. १०० एकर किंवा त्याहून जास्त जमीन जात असेल तर प्रकल्पस्तरावर पुनर्वसन समिती व्हायला हवी. तिच्यात बाधित भागातली महिला प्रतिनिधी, अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी आणि तिथे काम करणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी असतो. ही नावं कुणाच्या तरी शिफारशीने ठरण्याआधी ग्रामसभेत ठराव करून कळवा. निवडलेल्या बाईला तालुक्याला जायचं गाडीभाडं गावाने द्यावं, मजुरी बुडते तीही. कामं झाल्यावर ग्रामसभेशी बोलून सामाजिक अंकेक्षण, म्हणजे ठरलेलं खरंच झालं का याची तपासणी करायचं कामही याच समितीचं आहे. तेव्हा नव्या गावठाणात राहायला गेल्यावर पहिल्या पावसाळ्यानंतर हे अंकेक्षण व्हावं, ही मागणी पहिल्याच निवेदनात घालून ठेवा.