घरचा लादी पाव: पोळीचा हात जरा बाजूला ठेवून

घरी पाव करून पाहिला आणि दगड झाला, ही तक्रार मी किती घरांतून ऐकली असेल त्याला गणती नाही. गंमत म्हणजे तक्रार करणारी बहुतेक मंडळी पोळ्या अप्रतिम करतात. मला वाटतं, पाव बिघडतो तो या पोळीच्या सवयीनंच. कणीक हाताला चिकटली की आपला हात आपसूक पिठाच्या डब्याकडे जातो. पोळीला ते चालतं. पावाच्या पिठात अशा चार मुठी जादा गेल्या की यीस्ट कितीही ताजं असो, लादी बुटकी आणि चिवटच व्हायची. माझ्या पहिल्या तीन लाद्या तशाच झाल्या. तिसरी तर आम्ही रश्श्यात अर्धा तास बुडवून खाल्ली.

तेव्हा घडीची पोळी विसरा, पुरणपोळीची कणीक आठवा. सैल, तेलात तिंबून तिंबून केलेली, ताणली तर लांबत जाणारी पण न तुटणारी. पावाचं पीठ तिच्या जातीचं.

काय काय लागेल

हे प्रमाण आठ इंची चौकोनी टिनमध्ये नऊ पाव होतील असं आहे. मैदा ३०० ग्रॅम, कोमट दूध १०० मिली, कोमट पाणी १०० मिली, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम (सपाट सव्वा छोटा चमचा), साखर १५ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, मऊ लोणी २५ ग्रॅम. बाजारचं खारं बटर वापरणार असाल तर मीठ चिमूटभर कमी करा. वरून लावायला थोडं दूध आणि थोडं लोणी वेगळं ठेवा.

वाटीच्या मापानं करू नका. दाबून भरलेल्या आणि अलगद भरलेल्या वाटीत मैद्याचा चांगलाच फरक पडतो. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा एकदा घेतला की पावाची निम्मी डोकेदुखी संपते.

यीस्ट

यीस्ट हा जिवंत जीव आहे. पिठातली साखर खाऊन तो वायू सोडतो आणि त्या वायूनं पाव फुगतो. साधारण ५५ अंशांच्या पुढे तो मरायला लागतो, म्हणून दूध-पाणी कोमटच हवं. बाळाच्या दुधासारखं मनगटावर थेंब टाकून बघा, गरम असं जाणवायला नको. डबा फोडून बरेच दिवस झाले असतील तर आधी परीक्षा घ्या: दूध-पाण्यात साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं झाका. वर फेसाची साय आली तर पुढे जा. नुसतं गढूळ पाणी दिसलं तर ते फेका, ३०० ग्रॅम मैदा तरी वाचेल. जाड दाण्याचं ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट असेल तर हे भिजवणं चुकवू नका. इन्स्टंट यीस्ट साखरेसह थेट मैद्यात मिसळलं तरी चालतं. फोडलेलं यीस्ट घट्ट झाकणाच्या बाटलीत, फ्रिजमध्ये.

पोर्तुगिजांच्या 'पांव'वरून आपला 'पाव' हा शब्द आला. त्यांनी गोव्यात पाव भाजायला सुरुवात केली तेव्हा पाकिटातलं यीस्ट कुठलं असायला! तिथल्या पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, माडाची सूर (माडी) पिठात घातली. तिच्यात यीस्ट आपोआप वाढलेलं असतंच. आज बहुतेक ठिकाणी सूर मागे पडली आहे, पण सकाळी सायकलचा भोंगा वाजवत येणारा पोदेर गोव्यात अजून दिसतो.

मळणं, म्हणजे खरं तर तिंबणं

परातीत मैदा आणि मीठ एकत्र करा, यीस्टचं दूध-पाणी ओता आणि कोरडं पीठ उरणार नाही इतपत हातानं कालवा. लोणी आत्ता नको. आता झाकून वीस मिनिटं सोडून द्या. या वेळात मैदा पाणी पितो आणि ग्लुटेनच्या (मैद्यातल्या चिवट प्रथिनाच्या) तारा स्वतःहून जुळायला लागतात. नंतरचं मळणं बरंच कमी होतं.

वीस मिनिटांनी गोळा ओट्यावर काढा. तळहाताच्या टाचेनं पुढे ढकला, दुमडून मागे आणा, चतकोर वळसा फिरवा, परत ढकला. पहिली पाच मिनिटं हाताला, ओट्याला, नळालाही पीठ लागेल. हाच कसोटीचा क्षण. डब्याकडे जाऊ नका. फारच चिकटलं तर हाताला पाण्याचं किंवा तेलाचं बोट लावा आणि ओट्यावरचं पीठ उलथन्यानं खरवडून गोळ्यात घ्या. सातव्या-आठव्या मिनिटाला गोळा सावरायला लागतो.

मग लोणी घाला, दोन-तीन वेळा थोडं थोडं. आधी सगळा गोळा विस्कटल्यासारखा वाटेल, घसरेल. मळत राहा, तो परत एकजीव होतो. लोणी सुरुवातीलाच घातलं तर त्याचा थर पिठाच्या कणांवर बसतो आणि तारा जुळायला वेळ लागतो, म्हणून हा उशीर.

किती वेळ मळायचं? बारा ते पंधरा मिनिटं असं सांगतात, पण घड्याळापेक्षा पापुद्रा बघा. लिंबाएवढा तुकडा तोडून दोन्ही हातांच्या बोटांनी हलके हलके ताणा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता झाला तर झालं. चटकन फाटला तर अजून तीन मिनिटं.

पहिला फुगारा

तेलाचा हात लावलेल्या पातेल्यात गोळा ठेवा, ओलं फडकं किंवा ताटली झाका. दुप्पट व्हायला हवा. मे महिन्यात मुंबईत हे चाळीस मिनिटांत होतं, पुण्यात डिसेंबरमध्ये दोन तासही लागतात. थंडीत इडलीचं पीठ जिथे ठेवता तिथेच हेही ठेवा. बंद ओव्हनमध्ये आत फक्त दिवा लावून, किंवा गरम पाण्याच्या तांब्याशेजारी.

पिठानं माखलेलं बोट मधोमध पेरभर खुपसा. खळगा लगेच भरून आला तर थांबा. तसाच राहिला किंवा अगदी सावकाश थोडासा भरला तर तयार. बोट लावताच सगळा फुगाराच खाली बसला तर उशीर झालाय. फेकू नका, वायू काढून पुढचं काम आटपा. पाव जरा आंबूस लागेल इतकंच.

वळणं

हलक्या हातानं वायू काढा आणि वजन करून नऊ सारखे भाग करा, प्रत्येकी साधारण ६० ग्रॅम. डोळ्यांच्या अंदाजानं केलेले गोळे भाजताना चुगली करतात: कडेचे करपतात, मधला कच्चा.

पुरण भरून उंडा बंद करताना कडा वर ओढून एका ठिकाणी चिमटतो ना, तेच करा, फक्त पुरणाशिवाय. (गोव्यात एका गोल पावाचं नावच उंडो आहे.) मग चिमटलेली बाजू खाली ठेवून तळहाताची खोलगट वाटी त्यावर धरा आणि ओट्यावर गोल गोल फिरवा. इथे ओट्यावर पीठ नको, नाहीतर गोळा नुसताच सरकत राहतो. खालून थोडी पकड मिळाली की वरची कातडी ताणली जाते आणि गोळा तुकतुकीत होतो. हा ताणच पावाला उंची देतो. तो नसेल तर गोळा आडवा पसरतो.

टिनला लोणी लावून तीन-तीनच्या रांगा मांडा, गोळ्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा. फुगून ते एकमेकांना चिकटले पाहिजेत, लादीची मऊ पांढरी बाजू त्यामुळेच मिळते. झाकून तीस-चाळीस मिनिटं. बाजूनं हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश भरू लागला की भट्टी गाठायची.

भाजणं

पाव फुगत असतानाच ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) २०० अंशांवर पंधरा मिनिटं तापवून ठेवा, खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू. पावांवर ब्रशनं दूध लावा, टिन मधल्याच्या एक घर खाली ठेवा. अठरा ते वीस मिनिटं. घरगुती ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांचं नेहमी जमतंच असं नाही, म्हणून पहिल्या खेपेला बाराव्या मिनिटापासून काचेतून लक्ष ठेवा. वरून लवकर तांबूस झाले तर फॉइल झाका. मायक्रोवेव्ह असेल तर तो कन्व्हेक्शनवरच (गरम हवेवर) वापरा. नुसत्या मायक्रोवेव्हवर पाव वातड होतो.

ओव्हन नसेल तर जाड बुडाचा कुकर. तळाशी बोटभर मीठ, त्यावर स्टँड, शिटी आणि रिंग काढलेली. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग मावेल तेवढा टिन ठेवून मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटं. पाव नीट शिजतो, पण वरून पांढरट राहतो. नंतर तव्यावर लोण्यात डोकं शेकून घ्या.

बाहेर काढल्या काढल्या वरून लोणी फिरवा आणि कोरड्या फडक्यानं झाका. आतली वाफ वरच्या कडक कवचाला मऊ करते. दहा मिनिटांनी टिनमधून काढून जाळीवर ठेवा, नाहीतर बुड ओलं होतं. फोडायला अर्धा तास तरी थांबा. आमच्या घरी कोणी थांबत नाही आणि पहिला पाव दरवेळी आत गिचका निघतो. कच्चा नसतो तो, आतली वाफ अजून निघून गेलेली नसते.

थोडे फेरफार

कणकेचा करायचा असेल तर पहिल्यांदा अर्धी कणीक, अर्धा मैदा घ्या. चक्कीच्या पिठातला कोंडा ग्लुटेनच्या तारा कापतो आणि पाणीही जास्त पितो, त्यामुळे २० ते ३० मिली पाणी वाढवा. शंभर टक्के कणकेचा पाव लुसलुशीत होत नाही. होतो असं सांगणाऱ्यांचा पाव मी खाल्ला आहे.

याच पिठाचे लांबट गोळे करून दूर दूर ठेवले की सँडविचचे रोल. आत लसणाचं लोणी आणि कोथिंबीर भरून वळले तर मुलांचा डबा रिकामा परत येतो.

घरचा पाव दुसऱ्या दिवशी बेकरीच्या पावापेक्षा लवकर कोरडा पडतो, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. बेकरीत बहुधा पाव मऊ ठेवणारे पदार्थ घालतात. पाव जास्त फुगावा म्हणून पिठात घालत त्या पोटॅशियम ब्रोमेटवर तर आपल्याकडे २०१६ साली बंदी आली. पाव फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. तिथल्या गारठ्यात शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. एक दिवस डब्यात, त्यापुढे थेट फ्रीझरमध्ये. काढल्यावर झाकण ठेवून तव्यावर गरम केला की पुन्हा मऊ.

आणि डब्यात विसरलेले दोन उरलेच तर कुस्करून फोडणीचा पाव करा. कांदा परतून घ्या, पाण्याचा फक्त हबका मारा. लाल तिखटापेक्षा हिरवी मिरची बरी लागते.