वर्ल्ड मागतोय, देऊ का?

भाचा सातवीत आहे, चिंचवडला राहतो. माइनक्राफ्ट खेळतो; ठोकळे रचून जग बांधायचा गेम, आणि त्यात बांधलेलं जग म्हणजे ‘वर्ल्ड’. एका रविवारी सकाळी त्याचा फोन. “आत्या, आम्ही ऑनलाइन एकत्र खेळतो त्या सर्व्हरवरचा एक दादा माझं वर्ल्ड मागतोय. देऊ ना?”

“कोण दादा?”

“अगं, चांगला आहे. त्याने मला डायमंडचं अख्खं चिलखत फुकट दिलं.”

या पुराव्यापुढे काय बोलणार! मीही कॉलेजपासून माइनक्राफ्ट खेळतेय आणि माझ्याही निम्म्या ओळखी अशा चिलखतावरूनच झाल्यात. त्यामुळे माणूस चांगला की वाईट, हे मी ठरवत बसत नाही. फाइल कसली आहे आणि ती आपल्याकडून जातेय की आपल्याकडे येतेय, एवढं बघते. त्याला फोनवर सांगितलं तेच इथे लिहिते. सगळं गेमच्या ‘जावा एडिशन’ या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीचं, विंडोज लॅपटॉपवरचं आहे.

आधी पाठवण्याचं. मी पहिल्यांदा कुणाला वर्ल्ड दिलं तेव्हा फाइल हुडकायचा कंटाळा केला आणि ‘डॉट माइनक्राफ्ट’ हे गेमचं आख्खं फोल्डरच झिप करून पाठवलं. त्यात माझ्या सर्व्हरांची यादी, लाँचरच्या (गेम सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) खात्याच्या फायली, गेम बंद पडला की तयार होणाऱ्या जुन्या क्रॅश रिपोर्टांचा ढीग, सगळंच गेलं. समोरचा सज्जन निघाला. दोन तासांनी त्याचा मेसेज: “ताई, यात तुमचं आडनावासकट नाव दिसतंय.” विंडोजला युजर म्हणून मी पूर्ण नाव दिलेलं, आणि क्रॅश रिपोर्टमध्ये फोल्डरचा पत्ता छापला जातो, त्यात ते आलेलं. तोवर तो मला टोपणनावानेच ओळखत होता.

म्हणून फोल्डरात हात घालूच नका. गेममध्ये सिंगलप्लेअरच्या यादीतून वर्ल्ड निवडा, ‘एडिट’ दाबा, मग ‘मेक बॅकअप’. तारीख-वेळ घातलेली झिप तयार होते, ‘ओपन बॅकअप्स फोल्डर’ दाबलं की समोर येते. तिच्यात तेवढं एक वर्ल्ड असतं: नकाशा, पेट्यांतलं सामान, खेळाडूंच्या खिशातल्या वस्तू. खात्याचा पासवर्ड त्यात नसतो. तीच पाठवायची.

मात्र वर्ल्डच्या आत तुम्ही काय लिहून ठेवलंय, ते गेम तपासत नाही. भाच्याला म्हटलं, व्हिडिओ कॉल लाव आणि मला तुझ्या गावातून फिरवून आण. गावाच्या मधोमध पठ्ठ्याने स्वतःची सोसायटी बांधलेली, हुबेहूब. गेटवर नाव, दारावर पाटी: विंग, फ्लॅट नंबर, आडनाव. आजीच्या खोलीत एक पेटी, पेटीवर पाटी, पाटीवर घरच्या वायफायचा पासवर्ड. “आजी विसरते ना,” तो म्हणाला. मला हसू आवरेना आणि पोटात गोळाही आला. तर पाठवण्याआधी वर्ल्डमधून एक फेरी मारायची, पाट्या वाचायच्या.

आता येणाऱ्या फायली. इथे जास्त सांभाळायचं. दुसऱ्याचं वर्ल्ड म्हणजे बहुतांशी नुसती माहिती. मॉड, म्हणजे गेममध्ये नव्या गोष्टी घालणारी जोड, हा मात्र प्रोग्राम. डॉट जार फाइल मॉड्सच्या फोल्डरात टाकून गेम चालू केला की तुम्हाला लॅपटॉपवर जे जे करता येतं ते तिलाही करता येतं. ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे साइटवरचं आपलं लॉगिन चालू ठेवणाऱ्या छोट्या फायलीसुद्धा वाचता येतात.

जून 2023 मध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा व्हायरस कर्सफोर्ज आणि बकिट या मॉड मिळणाऱ्या साइटांवरच्या फायलींमधून पसरला. तो ब्राउझरच्या कुकीज, डिस्कॉर्ड (खेळाडूंचं गप्पांचं ॲप) आणि मायक्रोसॉफ्टची लॉगिन चोरायचा. शिवाय लॉजिक बघा: मशीनवरच्या बाकीच्या जार फायली शोधून त्यांतही स्वतःला घुसवायचा. म्हणजे तुमच्या मित्राने अगदी निर्मळ मनाने “हा घे, माझ्याकडे मस्त चालतो” म्हणून दिलेला मॉडही बाधित असू शकतो, आणि त्या बिचाऱ्याला पत्ता नसतो. म्हणून मी मित्राकडून मॉडचं फक्त नाव घेते. फाइल मूळ लेखकाच्या पानावरून, आणि आज आलेली आवृत्ती आजच नाही. आठ-दहा दिवस जाऊ देते. घाई कसली?

कुणी वर्ल्ड पाठवलं तर झिप थेट ‘सेव्ह्ज’ या गेमच्या वर्ल्ड ठेवायच्या फोल्डरात उघडू नका. डेस्कटॉपवर नवं फोल्डर करून तिथे उघडा. त्याआधी एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये फाइलनेम एक्स्टेन्शन्स, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी नावाची शेपटं, चालू करा. विंडोज ती मुळात लपवतं, त्यामुळे ‘वर्ल्ड डॉट झिप डॉट ईएक्सई’ ही फाइल ‘वर्ल्ड डॉट झिप’ म्हणून मिरवते. आत ईएक्सई, बॅट, जार किंवा शॉर्टकट दिसला तर तपासत बसू नका, सगळं फोल्डर उडवा. वर्ल्डला त्यातलं काहीही लागत नाही. वर्ल्ड उघडताना गेमने ‘सिम्बॉलिक लिंक’बद्दल (लॅपटॉपवरच्या दुसऱ्याच जागेकडे नेणाऱ्या दुव्याबद्दल) इशारा दिला, तर तिथूनच मागे फिरा.

झिपला पासवर्ड असेल तर माझं उत्तर ठरलेलं: नको. कुलूपबंद झिपच्या आत अँटिव्हायरसला बघता येत नाही, म्हणूनच ते कुलूप असतं. “मी छोटा गेम बनवलाय, खेळून सांग ना” हा मेसेज डिस्कॉर्डवर जुन्या ओळखीच्या खात्यावरून येतो, कारण ते खातं आधीच कुणीतरी बळकावलेलं असतं. त्या माणसाशी आवाजात बोला. तो टाळाटाळ करत असेल, किंवा “अँटिव्हायरस जरा बंद कर” म्हणत असेल, तर पुढे बोलायचं काही उरत नाही.

पूर्ण गेमच मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. तो ज्याचा त्याने विकत घ्यायचा.

आणि चुकून काही उघडलंच तर आधी वायफाय तोडा. मग दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदला, त्यानंतर मायक्रोसॉफ्ट आणि डिस्कॉर्डचा, आणि सगळीकडून लॉगआउट करा. ओटीपी लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका; चालू लॉगिन चोरलेल्याला ओटीपी विचारला जात नाही. पैसे गेले असतील तर लगेच 1930, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लावा. मुलांनो, रागावतील म्हणून रात्रभर लपवू नका, तेवढ्या वेळात खाती जातात.

परवा भाच्याने वर्ल्ड पाठवण्याआधी मला पुन्हा फिरवून आणलं. पाट्या काढलेल्या, आजीची पेटी कोरी. लायब्ररीतलं एक पुस्तक सहज उघडलं, तर त्यात शाळेच्या बसचा नंबर आणि वेळ.