बोअरचे जड पाणी मऊ कसे करावे

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत उन्हाळ्यात पालिकेचे पाणी पुरत नाही आणि टाकीत बोअरचे नाहीतर टँकरचे पाणी पडते. नळांवर पांढरे थर चढतात, साबणाला फेस येत नाही. अशा वेळी कमिटीतले कोणीतरी हमखास टीडीएस मीटर काढते. त्याचा इथे उपयोग नाही. मीटर सगळ्याच विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जडपणा मात्र मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे येतो. आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्ट खडकात ही दोन्ही असतात. मुरणारे पाणी ती सोबत घेते.

म्हणून आधी हार्डनेस टेस्ट किट आणा. नमुन्यात किटमधला बफर आणि निर्देशक (रंग दाखवणारे द्रव्य) टाकला की जड पाणी कोकम सरबतासारखे लाल होते. मग ईडीटीएचा (किटमधले मोजणीचे द्रावण) एकेक थेंब टाकत बाटली हलवा. जांभळट छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा रंग आला की थांबा. थेंबांच्या संख्येवरून आकडा काढता येतो. शेवटचे थेंब घाईने पडले तर आकडा फुगतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. बोअरचे आणि पालिकेचे पाणी वेगवेगळे मोजा.

आता एक लिटर बोअरचे पाणी दहा मिनिटे उकळा. आटलेले पाणी आरओच्या पाण्याने भरून काढा, गाळा, पुन्हा मोजा. जो जडपणा उतरला तो तात्पुरता. उष्णतेने कॅल्शियम बायकार्बोनेट फुटते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. गीझरच्या कॉइलवरची पुटे बहुतांशी हीच. उरलेला जडपणा सल्फेट-क्लोराइडचा. तो उकळून हटत नाही.

फक्त कपड्यांचा प्रश्न असेल तर धुण्याचा सोडा पुरे. जडपणा ३०० असेल तर दहा लिटरच्या बादलीला कोरडी सोडा पावडर साधारण ३ ग्रॅम, खडे असतील तर साडेआठ. कॅल्शियम साक्याच्या रूपाने खाली बसते; मॅग्नेशियम मात्र पुरते जात नाही. हे पाणी पिऊ नका.

सगळ्या इमारतीसाठी रेझिनचा सॉफ्टनर लागतो. रेझिनच्या मण्यांना सोडियम चिकटलेला असतो. पाणी जाताना मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि सोडियम सोडतात. मणी भरले की क्रम असा: बॅकवॉश, मग मिठाचे दाट पाणी सावकाश सोडायचे, शेवटी साध्या पाण्याने धुवायचे. मिठाच्या पायरीत प्लंबर घाई करतात, आणि मग सॉफ्टनर लवकर ‘थकतो’. अशा प्रत्येक धुण्यानंतर, म्हणजे रिजनरेशननंतर, किटने तपासा. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ते आधी काढा, नाहीतर रेझिन खराब होते. पाइपला बांधायचे लोहचुंबक विकायला येतात. त्यांनी कॅल्शियम पाण्यातून बाहेर पडत नाही, तो खर्च टाळा.

सॉफ्टनरने टीडीएस उतरत नाही. ३०० चा जडपणा पूर्ण काढला तर लिटरमागे सुमारे १४० मिलिग्रॅम सोडियम वाढतो. म्हणून स्वयंपाकघराची लाइन पालिकेच्या पाण्यावरच ठेवा, विशेषतः घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर. रिजनरेशनचे खारे पाणी बागेत सोडू नका, झाडे जळतात.