गिअर लिव्हरचे हात न पोचणारे बोल्ट कसे काढायचे (मारुती ८००)

मारुती ८०० डिसेंबर १९८३ ला आली आणि जानेवारी २०१४ ला बनायची बंद झाली, पण आमच्या कोकणात अजून कितीतरी घरांसमोर उभी आहे आणि रोज चालते. या गाडीचा एक ठरलेला त्रास म्हणजे गिअर लिव्हर ढिला होणं. कढईतल्या झाऱ्यासारखा इकडून तिकडे हलतो, रिव्हर्स सापडत नाही, दुसरा टाकायला जावं तर चौथा पडतो. बहुतेक वेळा गिअरबॉक्स एकदम ठणठणीत असतो, झिजलेले असतात ते रॉडच्या सांध्यातले बुश, म्हणजे बोल्टभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या. बुश स्वस्त असतात, बदलायलाही सोपे, फक्त ते ज्या बोल्टवर बसलेत तिथपर्यंत हात जात नाही म्हणून लोक काम सोडून देतात. म्हणून मी इथे बुशपेक्षा बोल्टबद्दलच जास्त लिहिणार आहे.

आधी काय कुठे आहे ते बघा. लिव्हरच्या बुडापासून गाडीच्या खालून दोन रॉड पुढे जातात. एक फिरतो आणि पुढेमागे सरकतो, गिअर टाकतो तो हा. दुसरा आधाराचा, इंजिन हललं की लिव्हरचं बूडही त्याच्याबरोबर हलावं म्हणून. लिव्हरकडचा सांधा त्यातल्या त्यात बरा. खरी पंचाईत गिअरबॉक्सकडच्या टोकाला होते, वर इंजिन, खाली सायलेन्सरचा पाइप आणि मधे जेमतेम मनगट जाईल एवढी फट.

गाडी वर घेताना घाई नको. सपाट जमीन, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, जॅकने पुढून उचलायची आणि दोन्ही बाजूंना स्टँड लावायचे, नुसत्या जॅकवर कधीच खाली शिरू नका आणि विटांवर तर नाहीच नाही, वीट फुटताना सांगून फुटत नाही. गिअर न्यूट्रलला ठेवा. आणि गाडी चालवून आणली असेल तर पाइप पूर्ण थंड होऊ द्या, चहा प्या, जेवा, पण थांबा.

आदल्या रात्री एक काम करून ठेवायचं. सगळ्या बोल्टवर तारेच्या ब्रशने आट्यांची माती काढून रस्ट काढायचा स्प्रे मारायचा, सकाळी परत एकदा मारायचा. आमच्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे हे केल्याशिवाय मी पाना लावतच नाही. गॅसची ज्योत मात्र इथे अजिबात नको, जवळच रबर आणि नायलॉन आहे आणि पेट्रोलची लाइनही गाडीच्या खालूनच जाते.

आता हत्यारं. सुझुकीचे बोल्ट जपानी मापाचे, म्हणजे ६ मिमीच्या बोल्टला १० चं डोकं, ८ मिमीला १२ चं, १० मिमीला १४ चं. म्हणून १०, १२, १४ च्या गोट्या (बोल्टच्या डोक्यावर बसणारे सॉकेट), तेच रिंग पाने आणि फिक्स पाने (उघड्या तोंडाचे), गोटीला जोडायचा दांडा म्हणजे एक्स्टेंशन, एक लांब आणि एक आखूड, एक यूजे (दांड्यात बसणारा वाकणारा सांधा), लोहचुंबकाची काडी आणि छोटी टॉर्च. गोटी सहा कोनांचीच घ्या, बारा कोनांची गोटी गंजलेल्या डोक्याचे कोपरे खाते. एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीचा हाच बोल्ट कुणीतरी बारा कोनी गोटीने पार गोल करून ठेवला होता, तो काढण्यात माझा अख्खा रविवार गेला.

बोल्ट दिसत नसेल तर मोबाइल फटीत घालून व्हिडिओ काढा, टॉर्च चालू ठेवून. डोकं कुठल्या बाजूला आहे, नट कुठल्या बाजूला, पाना कुठून आत जाईल हे त्यात बघून घ्या आणि मगच हात घाला. एक गोष्ट खूप जणांना फसवते, बोल्टचं डोकं तुमच्याकडे नसून पलीकडे असेल तर फिरवायची दिशा उलटी दिसते, तुम्ही सोडवताय म्हणून आवळत बसता. मनात डोक्याच्या समोर जाऊन उभं राहायचं आणि घड्याळाच्या उलट कसं ते ठरवायचं.

जागा करून घेणं हे जोर लावण्यापेक्षा फार महत्त्वाचं आहे. सायलेन्सरच्या पाइपचे रबरी हँगर काढले की पाइप थोडा खाली येतो, मी तेवढ्या दोन बोटांसाठी दर वेळी काढतो, फक्त तो लोंबकळत ठेवू नका, दोरीने बांधा, नाहीतर पुढच्या जोडावर ताण येतो. वरून यायचं असेल तर एअर फिल्टरचा डबा काढून बघा. रॉडऐवजी केबलने गिअर टाकणाऱ्या नव्या गाड्यांत तर बऱ्याचदा बॅटरी आणि तिचा ट्रे काढला की गिअरच्या केबल समोरच दिसतात, तिथे खाली झोपायचीही गरज नसते. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह.

पाना फिरवायला जागा नसेल तर हा हिशोब लक्षात ठेवा. षटकोनी डोक्याची पुढची पकड मिळायला ६० अंश फिरावं लागतं. फिक्स पान्याचं तोंड १५ अंश तिरकं असतं, त्यामुळे प्रत्येक वेळी पाना पालथा करून लावला की ३० अंशातच काम होतं. बारा कोनी रिंग पान्यालाही ३० लागतात. ७२ दात्यांचं रॅचेट (गोटी लावायची मूठ, मागे आणताना बोल्ट फिरत नाही) असेल तर फक्त ५ अंश, दोन बोटांची हालचाल, टिक टिक करत बोल्ट बाहेर येतो. पण पहिला झटका रॅचेटने देऊ नका. आधी रिंग पान्याने केसभर आवळायचा, मग सोडायचा, गंज तुटल्याचा कट्ट असा आवाज येतो तो ऐकून पुढे जायचं. यूजे लावलात तर तो जितका सरळ ठेवाल तितकं बरं, जास्त वाकला की जोर डोक्यावर न जाता बाजूला जातो आणि गोटी निसटते. नट पलीकडून फिरत असेल तर त्याच्यावर रिंग पाना चढवून पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकवून ठेवा, दुसऱ्या हाताची गरज राहत नाही.

डोकं आधीच गोल झालं असेल तर एक नंबर लहान गोटी हातोडीने ठोकून बसवा, बहुतेक वेळा येतो. नाहीच आला तर हॅकसॉचं पातं हातात धरून नट कापायचा, वेळ लागतो पण आजूबाजूचं काही बिघडत नाही.

नवा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून आणताना जपा. तिथे ८ मिमीचा बोल्ट मागितला की बहुतेक १३ च्या डोक्याचा देतात. मापात बसतो, पण त्या फटीत १३ ची गोटी भिंतीला घासते, आणि पुढच्या वेळी परत तेच दुखणं. स्पेअर पार्टच्या दुकानातून १२ चाच मागा, लांबी जुन्याशी लावून बघा.

बसवताना जुन्या बुशचा चुरा पूर्ण पुसून नव्या बुशला ग्रीस लावा. बोल्ट पडू नये म्हणून गोटीत कागदाचा बारीक तुकडा घालून त्यात डोकं दाबायचं, घट्ट धरतं. नट रिंग पान्यात ठेवून पाठीमागून चिकटपट्टी लावायची. पहिले तीन-चार आटे बोटांनी किंवा नुसतं एक्स्टेंशन बोटात धरून फिरवा, रॅचेटशिवाय. आटे तिरके चढत असतील तर बोटांना लगेच कळतं, रॅचेटला कळत नाही.

पूर्ण आवळण्याआधी इंजिन बंद ठेवून क्लच दाबून पाचही गिअर (चार गिअरची गाडी असेल तर चार) आणि रिव्हर्स टाकून बघा, मग आवळा, स्प्रिंग वायसर विसरू नका, पाइपचे हँगर परत लावा. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर एकदा परत खाली शिरून सगळ्या नटांवर पाना फिरवून बघायचा.