लिंबावरची अळी आणि बालवाडीतली मुलं

भिंतीवरच्या तक्त्यावरून चार-पाच वर्षांची मुलं अंडं, अळी, कोष, फुलपाखरू हा क्रम घडाघडा म्हणतात. पण अळी आणि फुलपाखरू हे दोन वेगळेच किडे आहेत, असंच त्यांना वाटत असतं. एकच अळी रोज डोळ्यांसमोर बदलली, तरच ते पटतं.

सोलापुरात यासाठी लिंबावरचं फुलपाखरू सगळ्यात सोयीचं. (रुईवर अळ्या भरपूर सापडतात, पण रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. लहान मुलांत ती नकोच.) फाल्गुनात लिंबाला, कढीपत्त्याला कोवळी पालवी आली की लगेच सुरुवात करा. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला की फांदी दुपारपर्यंत मान टाकते.

कोवळ्या पानांवर मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळं, गोल अंडं शोधा. ते पानासकट आणा. मोठी अळी उचलून आणू नका. तिच्या अंगात बऱ्याचदा परजीवी माशीने किंवा गांधीलमाशीने आधीच अंडी घातलेली असतात. मग कोषातून फुलपाखराऐवजी माशी बाहेर पडते आणि मुलं हिरमुसतात.

फूटभर उंचीचा पुठ्ठ्याचा खोका घ्या, एक बाजू कापून तिथे मच्छरदाणीचं कापड चिकटवा. आत दोन-तीनच अळ्या ठेवा. फांदी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचा आणि बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा, नाहीतर अळी आत उतरून बुडते. तळाला कागद घालून तो रोज बदला. ओल्या लेंड्या साचल्या की अळ्या मऊ पडून काळ्या होतात. अशी अळी लगेच बाहेर काढा. भाजीवाल्याकडचा कढीपत्ता घालू नका, त्यावर फवारणी असू शकते. खोका पत्र्याखाली, उन्हात किंवा कूलरच्या थेट झोतात नको.

अंडं तीन ते पाच दिवसांत फुटतं. सुरुवातीला अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. ती खाणाऱ्यांना फसवते, हे सांगण्याआधी ‘हे काय असेल?’ असं मुलांनाच विचारा. चार वेळा कात टाकल्यावर, साधारण दोन आठवड्यांत, ती हिरवीगार, जाडजूड होते. डिवचली तर डोक्यामागून केशरी शिंगं काढून उग्र वास सोडते. हे एकदा दिसलं की मुलं पुन्हा पुन्हा डिवचायला बघतात, तेव्हा बोट लावायचं नाही हा नियम पहिल्या दिवशीच ठरवा. कात टाकण्याआधी ती बराच वेळ हलत नाही. ‘मेली’ म्हणून कोणी टोचू नये.

मग खाणं थांबतं, लेंडी पातळ होते, अळी भटकू लागते. खोक्यात खडबडीत काड्या उभ्या ठेवा. काडीला रेशमी धाग्याने स्वतःला बांधून ती कोष करते. आठ-दहा दिवसांनी कोष गडद होऊन आतले पंख दिसले, की फुलपाखरू बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळीच बाहेर येतं. पंख पसरायला जागा आणि पकड मिळाली नाही तर ते कायमचे चुरगळलेले राहतात. बाहेर आल्यावर ते थोडा द्रव टाकतं. ते रक्त नव्हे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. दोन-तीन तासांनी ते बागेत सोडा.

रोज कॅलेंडरवर खूण करून घ्या आणि ‘उद्या काय होईल?’ हा एकच प्रश्न विचारा. उत्तर चुकलं तरी दुरुस्त करू नका, उद्याची अळीच ते दुरुस्त करेल. तीन वर्षांच्या मुलाला चित्र काढता आलं नाही तर अळीएवढी दोरी कापून वहीत चिकटवायला द्या. वाढ त्याच्या हाताला कळते.

सगळं झाल्यावर गल्लीतलं शेळीचं करडू दाखवा. शेळी साधारण पाच महिने गाभण असते, आणि करडू जन्मल्यावर थोड्याच वेळात उभं राहून चीक पितं. ‘हे आईसारखं दिसतं, मग अळी का नाही दिसत?’ इथे पाच-सहा वर्षांची मुलं खरी बोलायला लागतात. व्यायलेल्या शेळीजवळ मालक असतानाच जा, करडू उचलू देऊ नका आणि परतल्यावर हात साबणाने धुवा. बाजारातली रंगवलेली कोंबडीची पिल्लं मात्र या कामासाठी आणू नका. बरीचशी पिल्लं टिकत नाहीत, आणि मुलांना वाढीऐवजी मरणच बघावं लागतं.